अकोल्यावरची दहा मिनिटं

श्रावण तेलगोटेचा बाप डोमाजी गावकीचा निरोप्या होता. तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथून सातपुडा निळा दिसतो, तिथलं त्यांचं गाव. कुठं मयत झाली, कचेरीतून हुकूम आला, पाटलाच्या घरी सोयरीक ठरली, की डोमाजीनं काठी उचलायची आणि पाच-सात गावं पायी फिरून सांगून यायचं. सांगायचं ते उंबऱ्याबाहेर उभं राहून. पोरगा मात्र अकोल्याच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला, बेचाळीस साली पलटणीच्या सिग्नल खात्यात शिरला आणि तारेची कडकट्ट भाषा शिकून आला. लढाई संपली, पलटण सुटली, आणि एकोणपन्नास साली तो नागपूरच्या विमानतळावर सरकारी नोकरीला लागला. डोमाजी गावात सांगे, "पोरगंही निरोप्याच झालं. फक्त त्याले चाला लागत नाई, अन् उंबऱ्याबाहीर उभं राहा लागत नाई."

काम मात्र निरोप्यापेक्षा अवघड होतं. मुंबईहून कलकत्त्याकडे, दिल्लीहून मद्रासकडे जाणारी विमानं नागपूरच्या आसपास एकमेकांच्या वाटा ओलांडत. त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, हे श्रावणचं काम. विमानं डोळ्यांना दिसत नसत. खोलीत एक वायरलेस, कानाला हेडफोन, भिंतीवर घड्याळ आणि पुढ्यात लाकडी फळी. फळीवर प्रत्येक विमानाच्या नावाची कागदाची एक पट्टी. वैमानिक कळवी, मी अमुक वाजता अमुक गावावर आहे, इतक्या उंचीवर आहे. ते पट्टीवर लिहायचं. वैमानिक सांगेल ते खरं आणि घड्याळ सांगेल ते खरं, तिसरा पुरावा नाही. नियम सरळ होता. एकाच वाटेनं, एकाच उंचीवर दोन विमानं असली, तर मागच्यानं पुढच्यापासून दहा मिनिटं दूर राहायचं. दहा मिनिटं म्हणजे त्या काळच्या डाकोटा विमानाचे पंचवीस मैल, मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंतची वाट.

वैमानिकांना हे पटत नसे. रोज एखादा तरी हुज्जत घाली. समोर आभाळ रिकामं दिसतं आहे, मग थांबायचं कशासाठी? पेट्रोल जळतं, उतारू कुरकुरतात, उशिराचा जाब द्यावा लागतो. श्रावणचं उत्तर ठरलेलं असे: तुम्हाला दिसत नाही म्हणून ते तिथं नाही, असं होत नाही. सगळं बोलणं इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत, आणि शेवटी वैमानिकाला ऐकावंच लागे. मोठ्या घरचे, कडक इस्त्रीचे लोक ते. खोलीतून 'थांबा' म्हणणारा माणूस कोण, कुठल्या आळीतला, हे आवाजावरून त्यांना कळत नसे. श्रावणला ते बरं वाटे. बायकोखेरीज कुणाला त्यानं हे बोलून दाखवलं नाही.

बायको सुंदराबाई नागपूरला नव्हती. ती अकोल्याच्या एका दवाखान्यात सुईण-नर्स होती. लग्नाआधीपासूनची पक्की नोकरी, ती सोडून नागपूरला येणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या शहरातल्या एका गल्लीत दोन खोल्या घेऊन ती मुलीसह राही. श्रावण महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस येई. मुलगी केशर त्याला 'नागपूरवाले बाबा' म्हणे, जणू अकोल्याचे बाबा कुणी वेगळे असावेत.

मुंबईहून नागपूरला येणारं दुपारचं विमान अकोल्यावरून जाई, साधारण दोन-सव्वादोनच्या सुमारास. वैमानिक 'अकोल्यावर आहे' असं श्रावणच्या कानात सांगे, आणि त्याच क्षणी ते विमान सुंदराबाईच्या डोक्यावरून गेलेलं असे. हे तिला त्यानं एकदा समजावून सांगितलं, तेव्हापासून तिच्या प्रत्येक पोस्टकार्डात विमान असायचं. 'आज दोनचं इमान सव्वादोनले गेलं. मी कपडे वाळू घालत होती.' 'काल ढग होते, दिसलं नाही, फक्त आवाज आला.' कार्ड पोचेपर्यंत ती वेळ तीन दिवस जुनी झालेली असे आणि श्रावणच्या लॉगबुकात तेव्हाच चढलेली असे. तरी तो कार्ड हातात घेऊन लॉगबुकाची मागची पानं काढी आणि ताडून पाही. बहुतेक वेळा एखाद-दोन मिनिटांचाच फरक निघे.

छप्पन सालच्या दसऱ्याला ती नागपूरला आली, गावची माणसं घेऊन, पांढरं लुगडं नेसून, दीक्षेला. श्रावणची ड्यूटी दुपारी सुटली. लाखो पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत तिला शोधता शोधता संध्याकाळ झाली, आणि सापडली तेव्हा तो रात्र पडेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिला. त्या वर्षात ती दोघं इतका वेळ लागोपाठ एकत्र बसली, अशी ती एकच संध्याकाळ होती.

अकोल्याजवळ शिवणीला विमानांची एक लहान धावपट्टी होती. तिथं वायरलेसवर माणूस लागे. श्रावणनं तिथली बदली मागण्यासाठी तीन वेळा अर्ज केला. तिन्ही वेळा जागा नाही असं उत्तर आलं.

मग अठ्ठावन्न सालचा ऑगस्ट आला.

त्या दुपारी मुंबईकडून दोन विमानं येत होती, दोन्ही नऊ हजार फुटांवर. पुढे मालवाहू डाकोटा, मागे उतारूंचा. पुढच्यानं दोन वाजून दहा मिनिटांनी अकोला ओलांडल्याचं कळवलं, मागच्यानं दोन सोळाला. मागच्या विमानातला आवाज श्रावणच्या चांगला ओळखीचा होता. कॅप्टन असनारे. माणूस कधी पाहिलेला नव्हता, पण चार वर्षं तो आवाज एक दिवसाआड कानात येई. जरा बसका, वाक्याचा शेवटचा शब्द गिळणारा. हुज्जत घालण्यात सगळ्यांच्या पुढे. मात्र वेळ कळवताना तो अर्ध्या मिनिटाची लबाडी करत नसे, आणि त्यामुळे श्रावणच्या मनात त्याच्याविषयी आदर होता.

सहाच मिनिटांचं अंतर. श्रावणनं सांगितलं, अकोल्यावर घिरट्या घाला, दहा मिनिटं पुरी झाली की पुढे या. असनारे म्हणाले, अकोल्यावर काळे ढग चढत आहेत, एकवीस उतारू घेऊन त्यांत घिरट्या घालणं बरं नाही. पुढे अमरावतीपर्यंत उजेड दिसतो आहे, आणि विमान तर एकही दिसत नाही. श्रावणनं पुन्हा तेच सांगितलं. असनाऱ्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा श्रावण बोलला, आणि पलीकडची इंग्रजी एकाएकी संपली.

"काहून अडवून राहिले बाप्पा? इथी येऊन पाहा, ढग कसे उकळून राहिले."

श्रावणची पेन्सिल थांबली. नऊ वर्षांत त्या हेडफोनातून घरची बोली कधी आली नव्हती. क्षणभर त्याला बरं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी राग आला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानंही त्याच बोलीत उत्तर दिलं.

"मले ढग दिसत नाई. घड्याळ दिसते. थांबा म्हटलं तर थांबा."

"घड्याळ नाई उडवून राहिलं इमान. मी उडवून राहिलो."

एवढं बोलून असनारे पुन्हा इंग्रजीत आले आणि थंडपणे म्हणाले, मी माझ्या जबाबदारीवर पुढे जातो आहे. श्रावणनं रागाच्या भरात एकच शब्द टाकला, 'रॉजर', म्हणजे ऐकलं. हा शब्द म्हणताना ज्याला म्हणायचं त्या विमानाचा नंबर सांगायचा असतो. तो त्यानं सांगितला नाही.

त्याच मिनिटात पुढच्या मालवाहू विमानाचं एक इंजिन खोकायला लागलं होतं. त्याचा वैमानिक हे कळवायला दोनदा बोलला: इंजिन बिघडलं आहे, वेग कमी करतो आहे. पण वायरलेसवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात चिरचिर येते, आणि दुबळ्या आवाजाचे शब्द तीत बुडतात. एकदा तो बोलला तेव्हा असनारे बोलत होते, एकदा बोलला तेव्हा श्रावण. दुसऱ्यांदा बोलून झाल्याबरोबर त्याला 'रॉजर' ऐकू आलं. आपलं बोलणं पोचलं असं समजून तो निश्चिंतपणे इंजिनाकडे वळला.

वीस मिनिटांनी बडनेऱ्याच्या अलीकडे असनाऱ्यांचं विमान एका ढगातून बाहेर पडलं, आणि समोर, अगदी समोर, मालवाहू विमानाची शेपटी दिसली. त्यांनी विमान डावीकडे असं वळवलं की उतारू जागेवरून फेकले गेले. एका म्हाताऱ्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. बाकी सारे सुखरूप. दोन्ही विमानं नागपूरला उतरली.

चौकशी झाली. असनाऱ्यांची जबानी मुंबईत झाली, श्रावणची नागपुरात. दोघं समोरासमोर आले नाहीत. श्रावणनं लॉगबुकात सगळं खरं लिहिलं होतं. वैमानिक स्थानिक भाषेत बोलला हे लिहिलं होतं, मीही बोललो हे लिहिलं होतं, नंबर न सांगता 'रॉजर' म्हटलं तेही लिहिलं होतं. चौकशीच्या साहेबांनी सौजन्यानं विचारलं, त्या वेळी वायरलेसमध्ये काही चिरचिर आली होती का?

आली होती. असनारे घड्याळाचं बोलत होते तेव्हा आली होती. कुणी तिसरा मधे बोलतो आहे हे श्रावणला कळलंही होतं. विचारायला हवं होतं, कोण बोललं, पुन्हा बोला. पण त्याच्या जिभेवर असनाऱ्यांना द्यायचं उत्तर तयार होतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

चौकशीत दोघांकडेही थोडी थोडी चूक निघाली. वैमानिकानं हुकूम मोडला, नियंत्रकानं नंबर सांगितला नाही, दोघांनीही ठरलेली भाषा सोडली. दोघांना लेखी ताकीद मिळाली. दोन महिन्यांनी श्रावणच्या टेबलावर बदलीचा हुकूम आला: शिवणी, अकोला. सोबतचे म्हणाले, शिक्षा झाली. कुणी म्हणाले, नशीब, तुलाच तर हवी होती. श्रावणला काय म्हणावं ते ठरवता आलं नाही. अकोल्याला तो ट्रंक घेऊन उतरला त्या दिवशी सुंदराबाईनं मांडे केले, शेजारच्या बायकांना बोलावून खाऊ घातले, आणि केशरनं 'नागपूरवाले' हा शब्द गाळून नुसतं 'बाबा' म्हणायला आठ दिवस घेतले.

शिवणीची धावपट्टी म्हणजे माळावरची एक लांब काळी रेघ. कडेला टिनाच्या छपराची वायरलेसची खोली, एक खांब, त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि भगवंत नावाचा चौकीदार. महिन्यातून एखादं विमान उतरे. ते यायचं असलं की भगवंत सकाळपासून शेळ्या हाकलत फिरे. एरवी श्रावणनं वायरलेस चालू ठेवून बसायचं, कुणाला अडचणीत उतरायची वेळ आली तर असावं म्हणून.

दुपारचं विमान वरून जाई. वैमानिकाचा आवाज श्रावणला स्पष्ट ऐकू येई, 'अकोल्यावर आहे, नऊ हजार'. नागपूरचं उत्तर मात्र ऐकू येत नसे. इतक्या लांबून जमिनीवरचा आवाज जमिनीवर पोचत नाही. म्हणजे अर्धंच बोलणं. वरचा बोले, मग नुसती खरखर, मग पुन्हा वरचा बोले. त्या खरखरीच्या जागी नागपूरनं काय सांगितलं असेल ते श्रावण मनात म्हणू लागला. पुढे पुढे ओठ हलू लागले. एकदा भगवंतानं आत येऊन पाहिलं तर हा समोरच्या भिंतीला बारा मिनिटांचं अंतर असल्याचं सांगत होता.

असनाऱ्यांचा आवाज तो रोज शोधी. चौकशी झाली, ताकीद मिळाली, आता चार-सहा महिन्यांनी ते पुन्हा उडतील अशी त्याची अटकळ होती. दुसरे सगळे आवाज आले. नवे आले, कोवळे आले, एक मद्रासी आला, एक गाणं गुणगुणणारा आला. तो बसका आवाज आला नाही. वर्षभरानं नागपूरच्या एका जुन्या सोबत्याकडून कळलं की असनाऱ्यांनी ती नोकरी सोडली. कुठे गेले, त्याला माहीत नव्हतं.

आपल्याला हे काय होतं आहे, ते श्रावणला उमजत नसे. नऊ वर्षं तो घरासाठी झुरला होता. आता घर होतं, संध्याकाळी मोर्णेच्या पुलावरून सायकलीनं परतणं होतं, सुंदराबाईच्या हातची ज्वारीची भाकर होती, पोरीचा अभ्यास घेणं होतं. आणि दुपारी विमान गेलं की हात पट्टी आणि पेन्सिल शोधू लागे. सुटीच्या दिवशी घरी असला आणि वर घरघर झाली, की तो हातातलं काम टाकून अंगणात जाई आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाही. एका रविवारी सुंदराबाई तुरीच्या शेंगा सोलत दारात बसली होती. ती म्हणाली,

"तुमी नागपूरले होते तेवा इमान गेलं की मले वाटे, तुमी जवळच हाये. आता तुमी जवळ हाये, अन् इमान गेलं की तुमी नागपूरले जाता."

ती रागावून बोलली नव्हती. श्रावण तिच्याजवळ बसून शेंगा सोलू लागला.

अशी सहा वर्षं गेली. चौसष्ट सालच्या भादव्यात जिल्ह्यात कपाशीवर अळी पडली, आणि वरून औषध फवारायला एक लहान विमान शिवणीला आलं. एकच बसायची जागा, पोटात औषधाची टाकी, वायरलेस नाहीच. सोबत औषधाची पिंपं आणि पाच-सहा माणसं. पहिल्या सकाळी श्रावण खोलीत बसून हजेरी लिहीत होता. बाहेर कुणी तरी भगवंताला विचारलं, "पाणी गार हाये का बावा?"

श्रावणनं लेखणी ठेवली. खिडकीतून पाहिलं. पन्नाशीकडे झुकलेला, काटकुळा, विरळ केसांचा माणूस. खाकी शर्टावर औषधाचे डाग. आवाज तोच होता, खरखर वगळून.

तो बाहेर गेला नाही. चार दिवस कागद भगवंताच्या हातीच पाठवले, सह्या भगवंताच्या हातीच आणवल्या. विमान पहाटे उडायचं, दहापर्यंत बाळापूरकडच्या शेतांवर फिरून यायचं. श्रावण खिडकीतून त्याचं उतरणं पाही. उतरणं फार सुंदर होतं, सुपातून दाणा ओघळावा तसं.

पाचव्या दिवशी नागपूरहून एक सरकारी विमान येणार होतं. ते जवळ आल्याचं वायरलेसवर कळलं तेव्हा फवारणीचं विमान पंखा फिरवत उडायच्या तयारीत होतं. आता भगवंताला पाठवून चालणार नव्हतं. श्रावण लाल निशाण घेऊन धावत गेला आणि धावपट्टीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. वैमानिकानं काच सरकवून मान बाहेर काढली.

"काहून?"

"इमान येऊन राहिलं. दहा मिनिटं थांबा लागते."

असनाऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग इंजिन बंद केलं. पंखा पुरता थांबू दिला.

"नागपूर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नाव मले माहीत नाई तुमचं."

"श्रावण तेलगोटे. तेल्हाऱ्याकडचा."

"मी रविकांत. अमरावतीचा, अंबापेठेतला. बापूसाहेब वकिलांचा पोरगा." ते खाली उतरले आणि पंखाच्या सावलीत बसले. श्रावणलाही बसा म्हणाले.

मग ते दोघे भांडले. सहा वर्षं दोघांनीही आपापल्या बाजूचे मुद्दे घोळवून ठेवले होते. असनाऱ्यांनी ढग कसा होता, किती उंच होता, त्यात शिरलं असतं तर पंख कसे मोडले असते, ते हातवारे करून सांगितलं. श्रावणनं मातीत काडीनं रेघ ओढली आणि दोन दहा कुठे, दोन सोळा कुठे, दोन वीस कुठे ते दाखवलं. असनाऱ्यांनी ती रेघ पुसली आणि दुसरी काढली. कुणी हटलं नाही. दोघांच्याही चेहऱ्यावर, कित्येक वर्षांनी गाववाला भेटावा, तसं काही उमटलं होतं. असनाऱ्यांनी सांगितलं, नऊ हजारांवरून अमरावतीची मालटेकडी लिंबाएवढी दिसते आणि छत्री तलाव आरशाच्या टिकलीएवढा. एक दिवसाआड स्वतःच्या घरावरून जायचं आणि घरी यायला मात्र सहा-सहा महिने सवड मिळायची नाही. ती नोकरी सोडल्यावर मिळेल ते विमान उडवत गेलो, म्हणाले. लग्न राहून गेलं.

नागपूरचं विमान उतरलं. ते धावत धावत पलीकडच्या टोकाला जात असताना असनारे त्याच्याकडे पाहतच हळू आवाजात बोलले.

"एक गोष्ट मी कागदावर देल्ली नाई. तुमी बोलून राहिले होते तेवा मले चिरचिर ऐकू आली होती. तिसरं कोणी बोलून राहिलं होतं. कळलं होतं मले. पण मले तुमाले उत्तर द्यायचं होतं."

श्रावणच्या तोंडात वाक्य आलं. 'मलेही.' एवढंच होतं. ते त्याच्या दातांपर्यंत आलं आणि तिथं राहिलं. तो उठला, कपड्यांची माती झटकली आणि म्हणाला, रनवे मोकळा झाला.

असनारे लगेच उठले नाहीत. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्या बुटाची बांधली. भगवंताकडून पाणी मागवून प्यायले. मग चढले, आणि उडाले.

दुसऱ्या दिवशी श्रावणची सुटी होती. तो घरी होता, पण त्याचं लक्ष कशात नव्हतं. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या सकाळी तो शिवणीला पोचला तेव्हा माळ रिकामा होता. फवारणीची तुकडी हुकूम आला म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. जिथं पिंपं होती तिथं गवत पिवळं पडलं होतं.

पुढच्या वर्षी कपाशीला पाती धरली तेव्हापासून त्यानं वाट पाहिली. विमान आलं, वैमानिक दुसरा होता, पंजाबी. त्याला असनाऱ्यांचं नाव ठाऊक नव्हतं. आणखी चार महिने श्रावणनं काढले. मग जानेवारीतल्या एका सुटीच्या दिवशी, धुतलेला सदरा घालून, तो बडनेऱ्याला उतरला आणि तिथून गाडी बदलून अमरावतीला गेला.

अंबापेठेत बापूसाहेब वकिलांचं घर सगळ्यांना माहीत होतं. बापूसाहेब वारल्याला तीन वर्षं झाली होती. दार उघडलं ते रविकांतच्या धाकट्या बहिणीनं. कुंदाताई मुलींच्या शाळेत शिकवत. बसा म्हणाल्या, चहा टाकला, आणि विचारलं, "तुम्ही दादाचे मित्र का?"

श्रावणनं विचार केला. "आमी दोनदा भांडलो," तो म्हणाला.

कुंदाताई हसल्या. मग तुम्ही त्याला चांगलंच ओळखता, असं म्हणाल्या. दादा आसामात होता, चहाच्या बागांवर औषध फवारायच्या कामावर. वर्षातून दोन पत्रं यायची, तीही आईनं चार पाठवल्यावर. आई आत झोपली होती. दादा इथून विमान न्यायचा तेव्हा ती अडीचच्या सुमारास अंगणात जाऊन उभी राहायची, त्यांनी सांगितलं. तो सोडून गेला हे माहीत असूनही अजून जाते. श्रावण कपातल्या चहाकडे पाहत ऐकत राहिला. आपल्या घरी पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आहे, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण अनोळखी घरात ते कसं सांगायचं, कळलं नाही. त्यानं पत्ता मागितला. कुंदाताईंनी तो वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून दिला.

पत्र लिहायला त्याला तीन रविवार लागले. पहिली दोन पत्रं लांब होती, त्यात ढग होते, घड्याळ होतं, नियमाचं कलम होतं. ती त्यानं फाडली. तिसरं असं होतं: 'त्या दिवशी चिरचिर मलाही ऐकू आली होती. मी विचारायला हवं होतं. चौकशीत मी सांगितलं नाही. शिवणीला तुम्ही सांगितलंत, तेव्हाही मी सांगितलं नाही. आपला, श्रावण तेलगोटे.'

टाकण्यापूर्वी त्यानं ते सुंदराबाईला वाचून दाखवलं. तिला ही गोष्ट त्या क्षणापर्यंत माहीत नव्हती. तिनं विचारलं, एवढंसं सांगायले आठ वर्सं काहून लागली?

"दुसरा चुकला तर माणूस चुकला म्हणतात," श्रावण म्हणाला. "मी चुकलो असतो, तर आपली आळी..."

तिनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. दवाखान्यात तिनंही कितीतरी वर्षं, एकदाही चुकायचं नाही अशा धाकात काढली होती. तिनं पत्राची घडी घातली, पाकिटात घातली आणि स्वतः पेटीत टाकून आली.

उत्तर वैशाखात आलं.

'मला माहीत होतं. मी बोलताना तो मधे बोलला असेल, तर चिरचिर तुमच्याच कानात जाणार. वायरलेस कळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. शिवणीला मी बुटाच्या नाड्या बांधत बसलो होतो ते तुमच्यासाठीच. आज बरं वाटलं. इथे डोंगर आहेत, हिरवंगार आहे, आणि आपल्या बोलीत भांडायला कुणी नाही. कपाशीच्या दिवसांत तिकडे यायचं मनात आहे. तेव्हा दुसरी रेघ मी पुरी काढीन, तुमची चूक होती. रविकांत.'

श्रावणनं ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. त्या दिवशी तो शिवणीला उशिरा पोचला, नोकरीत पहिल्यांदा. दुपारचं विमान वरून गेलं तेव्हा भगवंताच्या लक्षात आलं की साहेबांचे ओठ हलत नाहीत. ते नुसते ऐकत बसले आहेत.

पत्रं चार-पाच वर्षं येत-जात राहिली. प्रत्येकात कपाशीच्या दिवसांत येण्याचं असे, आणि प्रत्येक वर्षी काही तरी निघे. कधी काम, कधी तिकडचा पाऊस, कधी ताप. आई गेली तेव्हा रविकांत विमानानं नागपूरपर्यंत आले, तिथून रातोरात अमरावतीला आणि तिसऱ्या दिवशी परत. श्रावणला ते कुंदाताईंच्या कार्डावरून नंतर कळलं. नागपूरकडे जाताना ते अकोल्यावरून गेले असतील का, याचा त्यानं हिशोब केला. मुंबईवरून आले असतील तरच हो, कलकत्त्याकडून आले असतील तर नाही.

फवारणीचं विमान मात्र दर भादव्यात शिवणीला येई. ते उतरल्याबरोबर श्रावण खोलीतून बाहेर येऊन धावपट्टीच्या कडेला उभा राही. लांबून चेहरा ओळखण्याचा त्याला भरवसा नव्हता. वैमानिक खाली उतरून पहिला शब्द बोलेपर्यंत तो तिथून हलत नसे.